वुल्रिकनं खणलेलं पाणी

वुल्रिक माती चाखायचा. नखाएवढी चिकण माती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा, जरा वेळ तोंड हलवायचा आणि थुंकून म्हणायचा, "ही पाणी धरेल." नाहीतर, "ही गळकी आहे, हिच्या भरवशावर राहू नका." तो पहिल्यांदा आमच्या अंगणात आला तेव्हा मी सात वर्षांची होते. त्याचं बघून मीही थोडी माती तोंडात टाकली आणि आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

"मारू नका, बाई," तो म्हणाला. "कळू दे तिलाही. हीच माती तिच्या पाचवीला पुजलीय."

खोटं नव्हतं ते. इंग्लंडात सफोकमध्ये आमच्या ब्रॅमिंगफील्डची माती उन्हाळ्यात दगड असते आणि हिवाळ्यात खळ. पहिला पाऊस झाला की घरातल्या जमिनीला पाणी सुटायचं. आई चुलीपासून पलंगापर्यंत फळ्या टाकायची आणि इस्टर येईपर्यंत आम्ही त्या फळ्यांवरून चालायचो. कोठारातलं खालच्या थरातलं जव दर वर्षी काळं पडायचं. त्यामुळे खंदक खणायचा, निघालेली माती मधोमध टाकून घराची जागा उंच करायची, हा बाबांचा विचार शहाणपणाचाच होता. पण नुसतं शहाणपण असतं तर बाबांनी दोन हात खोल नाली खणली असती. त्यांना हवा होता खंदक. सरदारांच्या गढीला खंदक, मठाच्या कोठाराला खंदक, आणि मुख्य म्हणजे आईच्या चुलतभावाच्या घराला खंदक. हा चुलतभाऊ बाबांपेक्षा वीस एकरांनी लहान शेतकरी. आई त्याचं नाव रोज एकदा तरी काढायची.

माझे बाबा वायमर कुणाचे बांधील नव्हते. सरदारांच्या शेतावर वेठीला जावं लागत नसे, ऐंशी एकर स्वतःची जमीन होती, आणि ही गोष्ट लोक विसरतील की काय अशी त्यांना कायम धास्ती असे. गावात खंदकाची बातमी फुटली तेव्हा लोकांना आयतं खाद्य मिळालं. "वायमर आता बदकांचा सरदार होणार," असं गाडीवान ऑसबर्ट चर्चच्या दारात मोठ्यानं म्हणाला. बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तर अशा घरी वुल्रिक आला. दलदलीच्या मुलखातला, चाळिशीचा, एकटा माणूस. आईबाप, भाऊ सगळे लहानपणीच तापानं गेलेले. उंचीनं बेताचा, पण खांदे असे की दारातून जरा तिरका होऊन आत यायचा. सामान म्हणजे लोखंडी पात्याचं एक फावडं आणि एक घोंगडं. गावोगाव खंदक आणि तळी खणत फिरायचा. एका गावी काम संपलं की दुसरं गाव. आमच्याकडे आला तेव्हा बाबांनी त्याला जमिनीवर काठीनं रेघा मारून दाखवल्या.

"तीन बाजू पुरेत," बाबा म्हणाले. "मागं काटेरी कुंपण आहेच. आणि मागचं रस्त्यावरनं दिसतं कुठं?"

"रस्ता कुठला ते पाण्याला कळत नाही, मालक. तीन बाजूंनी अडवाल तर चौथीकडनं तुमच्या चुलीत येईल."

"चौथी बाजू म्हणजे अजून एक उन्हाळा."

"म्हणजे दोन उन्हाळे माझं जेवण तुमच्याकडे," वुल्रिक म्हणाला. "माझी काही तक्रार नाही."

बाबांना राग यायला हवा होता, पण ते हसले. चार बाजू ठरल्या. गावातली आणखी अकरा माणसं कामाला लागली. त्यांत बदकांचा विनोद करणारा ऑसबर्टही होता. विनोद त्यानं थांबवला नाही, फक्त आता खड्ड्यातून करायला लागला.

आमच्या दुधघरात गुन्नोरा काम करायची. लोणी, चीज, दह्याचं सगळं तिच्याकडे. पस्तिशीची असेल. तिचा नवरा गेलेला, आणि त्याच्याही आधी तिची दोन वर्षांची मेबिल गावाच्या मातीच्या खाणीत साचलेल्या पाण्यात बुडालेली. भांडी घासायला गुन्नोरा पाठमोरी वळली होती, तेवढ्या वेळात. त्यानंतर ती पाण्याच्या कडेला जात नसे. विहिरीवर आमची दुसरी बाई जायची. खंदकाचं काम सुरू झालं तसं तिनं माझ्याकडे बोट दाखवत आईला सांगून टाकलं, "बाई, यात पाणी सोडाल त्या दिवशी मी जाते. तुमची हाविस मोठी झालीय, पण अजून मुलं होतील तुम्हाला. मला ते बघायचं नाही."

आई म्हणाली, "वेडी आहेस का? तुझ्यासारखं चीज करणारी मी कुठून आणू?"

"ते मला ठाऊक नाही," गुन्नोरा म्हणाली. "पण मी जाते."

हे वुल्रिकच्या कानावर गेलं. दुपारचं ताक घेऊन मी खड्ड्यापाशी जायचे आणि तो मला बारीकसारीक विचारायचा. दुधघरातल्या बाई कुठल्या? जेवतात कधी? बोलत का नाहीत? मी मला येईल ते सांगायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात, घराच्या मागची बाजू खणायची वेळ आली तेव्हा, त्यानं इतर माणसांना पुढच्या कोपऱ्यावर धाडलं आणि मागचा आतला काठ एकट्यानं घेतला. म्हणाला, इथली माती नाजूक आहे, गर्दी नको. दोन आठवडे तो तिथं एकटाच होता. बाबा बघायला गेले तर तिथं फांद्या आणि वेताच्या चटया पसरलेल्या. "माती सुकू द्यायची नाही, मालक. झाकून ठेवलीय." बाबांना खणण्यातलं फारसं कळत नव्हतं. त्यांचं लक्ष पुढच्या पुलावर होतं. पुलाला कोरीव खांब करायचे की नाहीत हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

त्या चटयांखाली काय होतं ते त्यानं एकाच माणसाला दाखवलं. पुढं कितीतरी वर्षांनी गुन्नोरानंच मला ते सांगितलं. एके सकाळी तो दुधघराच्या दारात येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन, आणि म्हणाला, "जरा खाली चला माझ्याबरोबर."

"कुठं खाली?"

"खंदकात. कोरडाच आहे अजून."

ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी ती गेली. त्यानं एक चटई बाजूला केली. स्वयंपाकघराच्या आणि दुधघराच्या बाजूचा जो काठ, जिथं पोरंबाळं खेळणार, तिथं त्यानं आतून एक पायरी ठेवली होती. हातभर रुंद, काठाच्या सबंध लांबीची, चिकण माती तुडवून तुडवून पक्की केलेली, वर सपाट गोटे बसवलेले. पाणी पूर्ण भरलं की ती मांडीभर पाण्याखाली जाणार आणि वरून कुणाला दिसणार नाही.

"दोन वर्षांचं पोर यावर उभं राहिलं तर डोकं वर राहतं," वुल्रिक म्हणाला. "मी ऑसबर्टच्या पोरीला दोरीनं मापून बघितलंय. पडून बाहेर गेलं तर मात्र उपाय नाही. म्हणून कडेला बोरू लावणार आहे, दाट. पोर त्यातच अडकेल."

गुन्नोरा म्हणाली की ती त्या पायरीवर उभी राहिली. मग बसली. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. तो वर काठावर बसून वाट बघत होता. शेवटी तिनं विचारलं, "मालकांना ठाऊक आहे?"

"त्यांना कशाला? ते म्हणतील, चोराला जिना करून दिलास."

"आणि चोर आलाच तर?"

"येऊ दे. इथवर पोहत आला तर भिजून बिचारा अर्धमेला झालेला असेल. तू त्याला गरम काहीतरी दे."

गुन्नोरा गेली नाही. त्या हिवाळ्यात पावसानं आणि शेतातल्या नाल्यांनी खंदक हळूहळू भरला, आणि पुढच्या मे महिन्यात चर्चच्या दारात त्या दोघांचं लग्न झालं. आईला वाटलं, चीजसाठी तिनं केलेल्या विनवण्या फळाला आल्या. वुल्रिकचं गावोगाव फिरणं थांबलं. पुलाच्या बाहेर, गावकुरणाच्या कडेला बाबांनी त्याला झोपडीपुरती जागा दिली, आणि तो आमच्या पाण्याचा राखणदार झाला. काठ सावरायचे, बोरू कापायचे, वेताचे सापळे लावून वाम मासे धरायचे, पुलाच्या फळ्या बदलायच्या. त्यांना मूल झालं नाही. गुन्नोरा एकदाच म्हणाली, "माझं होऊन गेलं."

खंदकानं आम्हाला काय दिलं हे खरं सांगायचं तर पुष्कळ दिलं. घर कोरडं झालं. कोठारातलं जव टिकायला लागलं. डुकरं बाहेरच राहिली. मांस वर्ज्य असलेल्या उपासाच्या दिवशी ताटात मासा आला. एका शरदात शेजारच्या गवताच्या गंज्या पेटल्या तेव्हा दहा माणसांनी आमच्या खंदकातून बादल्या भरभरून आमचं आणि शेजाऱ्याचं छप्पर वाचवलं. आणि बाबांना लोक वाकून नमस्कार करायला लागले, निदान पुलावर असताना तरी.

मी अकरा वर्षांची असताना माझी धाकटी बहीण इडोनी पाण्यात पडली. तेव्हा ती तीन वर्षांची. बदकाच्या पिलांमागं धावत स्वयंपाकघराच्या मागं गेली आणि आम्हाला फक्त पाण्याचा आवाज ऐकू आला. आई कणकेच्या हातांनी धावली, मी तिच्या मागं. बघतो तर इडोनी पाण्यात उभी. पोटापर्यंत पाणी, दोन्ही मुठींत बोरू, आणि भोंगा असा की पुलापलीकडे ऐकू जावा. आईनं तिला ओढून वर घेतलं. दुधघरातून गुन्नोरा बाहेर आली, तिनं बघितलं आणि ती तिथंच चिखलात बसली. रडत होती की हसत होती ते सांगता येत नव्हतं. सगळ्यांना वाटलं, तिला तिच्या मेबिलची आठवण झाली.

पाद्रीबाबा म्हणाले हा चमत्कार आहे. आईनं इडोनीच्या उंचीची मेणबत्ती करून मारियामातेपुढं लावली, आणि दर वर्षी इडोनी वाढेल तशी मेणबत्तीही वाढत गेली. मी वुल्रिकला विचारलं, "काका, मारियामातेनं तिला पाण्यावर उभं केलं का?"

तो पुलाच्या फळीला खुंटी ठोकत होता. म्हणाला, "उभी राहिली हे तर खरं ना?"

"हो."

"मग झालं तर."

मग पावसाची वर्षं आली. माझं वय तेव्हा बावीस. ज्यांनी ती वर्षं काढली त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही काढली त्यांना सांगून खरं वाटायचं नाही. पहिल्या वर्षी वसंतात पाऊस सुरू झाला आणि शरदापर्यंत थांबला नाही. जव उभ्या जागी कुजलं. गवत वाळलं नाही, मीठ वाळलं नाही, तेव्हा मांसही टिकलं नाही. दुसऱ्या वर्षी पेरायला बी नव्हतं, आणि जे पेरलं तेही वाहून गेलं. लोकांनी आधी कोंबड्या खाल्ल्या, मग बैल, मग कुणी काय खाल्लं ते मी सांगत नाही.

आमच्याकडे धान्य होतं. बाबा काही वाईट नव्हते आणि त्यांनी कुणाचं लुबाडलंही नव्हतं. आमचं कोठार उंचावर होतं आणि कोरडं होतं, एवढीच गोष्ट. आधीच्या दोन वर्षांचं जव, वाटाणे आणि वाल त्यात सुके राहिले होते. गावात बाकी सगळ्यांचं भिजून गेलं. आणि हे गावाला माहीत होतं. बाबांनी पुलाच्या मधल्या फळ्या काढून आत ठेवायला सुरुवात केली. दिवसातून दोनदा फळ्या टाकायच्या, वुल्रिक आणि गुन्नोराला ये-जा करू द्यायची, परत काढायच्या. पलीकडे कुरणावर लोक नुसते उभे असायचे. काही मागायचे नाहीत. ते मागत असते तर बरं झालं असतं असं आई म्हणायची.

"एकाला दिलं तर उद्या दहा येतील," बाबा म्हणायचे, "आणि परवा पंचवीस गावं. आपलं कोठार काय, देवाचं आहे?" हे सांगताना ते कुणाकडेच बघत नसत.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी एके दिवशी गाडीवान ऑसबर्ट वुल्रिकच्या झोपडीत आला. त्याचा घोडा खाऊन झाला होता. बायको अंथरुणाला खिळलेली. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "वुल्रिक, तू खणलास. मीही तुझ्याबरोबर होतो, पण मागच्या बाजूला तू कुणाला येऊ दिलं नाहीस. कुठून चढता येतं ते सांग. आम्ही चौदा जण आहोत. कुणाला मारायचं नाही. नुसतं धान्य घ्यायचं."

"काठ्या घेऊन जाणार?"

"काठ्या तर घ्याव्या लागतील. कुत्री आहेत."

"आणि वायमर आडवा आला तर?"

ऑसबर्ट चुलीकडे बघायला लागला.

"माझं डोकं आता पूर्वीसारखं चालत नाही," वुल्रिक म्हणाला. "कुठं काय खणलं ते आठवायला वेळ लागतो. दोन दिवस दे."

"दोन दिवस तिच्यापाशी आहेत का ते मला माहीत नाही."

तेव्हा गुन्नोरानं चुलीवरचं वाटाण्याचं कालवण, त्या दोघांचं रात्रीचं, मडक्यासकट उचलून त्याच्या हातात दिलं. सकाळी फळ्या पडल्या तसा वुल्रिक सरळ बाबांकडे आला. मी तिथंच वाल निवडत बसले होते.

"मालक, मोरी कुजलीय."

आमच्या खंदकाचं जास्तीचं पाणी काढायला काठाखालून एक मोरी होती. एल्म झाडाचं अख्खं खोड आतून पोखरून पुरलेलं, तोंडाला लाकडी बूच. बाबा म्हणाले, "कुजली म्हणजे?"

"असाच पाऊस राहिला तर तो काठ सुटेल. मग पाणी कोठारात. खंदक सगळा उपसायला हवा. गाळ काढायचा, मोरी बदलायची, काठ नव्यानं तुडवायचे."

"आत्ता? या दिवसांत?"

"काठ सुटायला दिवस बघत नाही."

बाबा खिडकीशी गेले. कुरणावर माणसं उभी होती. "किती माणसं लागतील?"

"तीस."

"तीस? खणताना बारा होते."

"तेव्हा ऊन होतं, मालक. आता चिखल पाच पट जड आहे. शिवाय माती तुडवायला बायका आणि पोरं वेगळी. त्यांचे पाय हलके असतात, माती बरी बसते."

"आणि जेवण?"

"दोन वेळचं द्यावं लागेल. उपाशी माणसाच्या हातून गाळ उपसला जात नाही. आणि एकजण अर्ध्यातच पडला तर बाकीचे थांबतात."

बाबांनी खिडकीतूनच कुरणावरची माणसं मोजली. मग म्हणाले, "उद्यापासून बोलव."

दुसऱ्या दिवशी बूच काढलं आणि आमचं पाणी दिवसभर खालच्या शेताकडे वाहत राहिलं. आईनं आणि गुन्नोरानं अंगणात तीन मोठी भांडी चढवली. जव, वाल, जरासं खारं डुकराचं मांस. पुलाच्या फळ्या टाकल्या त्या परत काढल्या नाहीत. माणसं आत आली ती आधी फावड्यांकडे नाही, भांड्यांकडे बघत आली. वुल्रिक म्हणाला, "आधी पोटात घाला. हळू. एकदम खाल्लं तर पोटात दुखेल." ऑसबर्ट सर्वांत शेवटी आला. त्याच्या कडेवर त्याची बायको होती, चादरीत गुंडाळलेली. "हिला माती तुडवता येणार नाही," तो म्हणाला. "पण बसून राखण करेल. फावड्यांची."

"फावड्यांना राखण लागतेच," वुल्रिक म्हणाला.

पाणी गुडघ्याखाली गेलं तसे मासे उड्या मारायला लागले. बाबांचे मासे. चौदा वर्षं उपासाच्या दिवशी आलेल्या पाहुण्यांना ते ज्यांबद्दल सांगत आले होते ते. सगळे हातातली कामं थांबवून बाबांकडे बघायला लागले. बाबांनी घसा साफ केला. म्हणाले, "घरटी एक टोपली. वाम आधी आजाऱ्यांना." आणि आत निघून गेले.

जुनी मोरी उपटून काढली तेव्हा वुल्रिकनं मला हाक मारली. "हाविस, हे खोड दुधघरामागं नेऊन टाक. कुणी विचारलं तर जळण म्हण." मी एका टोकाला धरलं, गुन्नोरानं दुसऱ्या. ते इतकं जड होतं की आम्ही दोनदा खाली ठेवलं. मी त्यावर दगडानं ठोकून बघितलं. खणखणीत वाजलं.

"काका," मी त्याला गाठून म्हटलं, "हे तर चांगलं आहे."

"हळू बोल," तो म्हणाला. "पाण्याखालचं एल्म शंभर वर्षं टिकतं. तुझ्या बाबांना हे माहीत नाही ते आपलं नशीब."

पाचव्या दिवशी मागची बाजू कोरडी झाली आणि पायरी उघडी पडली. मी बाबांबरोबर काठावर होते. त्यांनी त्या पायरीकडे बघितलं. मग तिच्यावरच्या गोट्यांकडे, बोरूच्या मुळांकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे. ते खाली उतरले, चांगल्या जोड्यांनिशी, आणि पायरीवर उभे राहिले. इडोनी भांड्यापाशी पोरांना वाढत होती, पंधरा वर्षांची, उंचाडी. बाबा तिच्याकडे बघत राहिले.

वुल्रिक चिखलातून वर आला. चेहऱ्यावरून असं वाटत होतं की आता बोलणी खावी लागणार हे त्यानं धरूनच ठेवलं आहे.

"हे केव्हाचं?" बाबांनी विचारलं.

"पहिल्यापासूनचं, मालक."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही पुलाच्या खांबांत होता."

बाबांनी मान हलवली. ते काठ चढून घरात गेले. आईला त्यांनी सांगितलं असणार, कारण रात्रीच्या जेवणाला ती डोळे पुसत बसली होती. मी विचारलं, "मग आता मेणबत्ती बंद?" तर म्हणाली, "बंद कशाला? वुल्रिकच्या हातात फावडं कुणी दिलं?"

तिसरा आठवडा संपत आला तेव्हा वुल्रिक अंगणात येऊन म्हणाला, "मालक, झालं. नवी मोरी बसली. उद्या बूच घालतो."

बाबांनी पावसाकडे बघितलं. तो पडतच होता. "बाहेरचे काठ नीट दिसत नाहीत मला," ते म्हणाले.

"चांगले आहेत."

"नाहीत. ते तुडवून घे. आणि मागच्या नाल्या आहेत, शेतापर्यंतच्या, त्याही साफ करायच्या राहिल्या आहेत."

"त्याला महिना लागेल, मालक."

"मग लागू दे की. तुला कुठं जायचंय?"

वुल्रिकनं टोपी काढली आणि परत घातली. त्या महिन्यानंतरही बाबांना आणखी काय काय दिसत गेलं. कुंपण, विहिरीचा कठडा, पुलापासून चर्चपर्यंतचा रस्ता. वसंतापर्यंत आमच्या अंगणात भांडी चढत राहिली. कोठाराचा तळ दिसायला लागला तशी पेज पातळ झाली आणि आम्हीही तीच प्यायलो. आमच्या गावातली अकरा माणसं त्या हिवाळ्यात गेली. शेजारच्या गावात चाळीस गेली. ऑसबर्टची बायको वाचली. अजून आहे ती, कान गेलेत, पण तोंड चालू आहे.

पुष्कळ वर्षांनी, बाबा थकले तेव्हा, मी त्यांना त्या खोडाबद्दल सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना आश्चर्य वाटेल.

"माझा बाप मोऱ्याच पोखरायचा," बाबा म्हणाले. "एल्म पाण्यात कुजत नाही हे मला चालायला यायच्या आधीपासून माहीत आहे."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

"मला नुसतं दे म्हणून सांगितलं असतं तर माझ्यानं देववलं नसतं. आणि त्यांना नुसतं घे म्हणून सांगितलं असतं तर ऑसबर्टनं घेतलं नसतं. वुल्रिकला आम्ही दोघंही माहीत होतो."

वुल्रिक गाळ उपसायच्या त्या हिवाळ्यात रोज कमरेपर्यंत थंड चिखलात उभा होता. खोकला तेव्हाच लागला होता, पण तो म्हणायचा, धुरानं होतंय. मार्चमध्ये तो झोपडीतून उठेनासा झाला. आईनं त्याला पुलाच्या आत आमच्या घरी आणलं, चुलीपाशी. मी त्याला पेज भरवायचे. गुन्नोरा दुधघर सोडून त्याच्या उशाशी बसून असायची. ती दोघं फार बोलत नसत. एकदा तो म्हणाला, "तुझं काम खोळंबलंय."

"गाईला दूधच नाही. काम कसलं?"

"मग बैस."

"बसलेच आहे."

तो एका दुपारी गेला, तिचा हात त्याच्या छातीवर असताना. तिला कळलंही नाही लगेच. म्हणाली, मला वाटलं झोप लागली, म्हणून मी हात काढला नाही.

त्याचा खड्डा खणायला सहाजण आले आणि चर्चच्या आवारात कुणी खणायचं यावरून त्यांच्यात जुंपली. शेवटी ऑसबर्ट म्हणाला की मी त्याच्या हाताखाली सर्वांत जास्त शिव्या खाल्ल्यात, माझा मान पहिला. त्यानं एवढ्या सरळ कडा धरल्या की पाद्रीबाबा म्हणाले, "अरे, पुरे, अंधार पडेल." पण तळाला पाणी लागलं. उपसलं तरी परत झिरपायचं. ऑसबर्टला रडू यायला लागलं. गुन्नोरा पुढं आली, खाली वाकून बघितलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "राहू दे रे. तेवढ्यानं त्याची झोप मोडायची नाही."

जूनमध्ये पाऊस थांबला. गवत वाळलं, पहिल्यांदाच दोन वर्षांत. गाईंच्या कासा भरल्या. गुन्नोरा आमच्याकडेच राहिली ती शेवटपर्यंत, आणखी नऊ वर्षं. त्या जूनमध्ये तिनं पहिलं चीज केलं. लहानसंच, मुठीएवढं, जरा खारट. तिनं ते फळीवर ठेवून कापलं आणि आम्हा सगळ्यांच्या हातावर एकेक तुकडा दिला. बाबा, आई, इडोनी, मी. मग उरलेला तुकडा घेऊन ती उन्हात दारात बसली आणि सावकाश खाल्ला.